बंडिंगची रेघ

दुष्काळाच्या त्या वर्षातलं मला सगळ्यात आधी आठवतं ते टिकावांचा आवाज. सकाळी मुकादमाची शिट्टी झाली की माळावर शे-दीडशे टिकाव मुरमावर पडायला लागायचे. सुरुवातीला ते एका तालात पडत, मग ज्याच्या त्याच्या दमाप्रमाणे मागेपुढे होत, आणि ऊन चढलं की नुसता खडखडाट उरे. आमचं गाव दिंडोरीच्या उगवतीला, चांदवडच्या बाजूच्या माळावर. आज तिकडून गाडीने जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना द्राक्षबागा लागतात, आणि मी जुन्या गोष्टी सांगायला लागले की माझा मुलगा म्हणतो, आई, हे दुसऱ्या कुठल्या तरी जिल्ह्यातलं वाटतं. त्याचं चुकत नाही. लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले होते, विहिरींचे तळ दिसत होते, आणि सरकारने दुष्काळी कामं काढली होती. कुणाच्या वाट्याला खडी फोडणं आलं, कुणाच्या रस्ता. आमच्याकडे बंडिंग आलं. उताराच्या रानांत, पाण्याच्या वाटेला आडवे, मांडीएवढ्या उंचीचे मातीचे बांध घालायचे. पाऊस आला की पाणी बांधाशी थबकावं, जिरावं, माती घेऊन ओढ्याला जाऊ नये. पाऊस कधी येणार, हे कुणी विचारत नव्हतं. काम होतं, आणि दुपारी सुकडी मिळत होती, तेवढं त्या वर्षी पुरेसं होतं.

सुकडी म्हणजे गोडूस भाजक्या पिठाचा भुगा. कामावरच्या प्रत्येकाला ओंजळभर मिळायची. लहान मुलं ती कोरडीच तोंडात टाकत आणि ठसकत. आई आपल्या वाट्यातली निम्मी लुगड्याच्या पदराला बांधून घरी आणायची, कारण संध्याकाळी घरी असायची ती मिलोची भाकरी. मिलो म्हणजे परदेशातून आलेली लाल ज्वारी, रेशनवर मिळायची. तिच्या पिठाला चिकटपणा नसे. आई आधणाचं पाणी ओतून पीठ मळायची, तरी भाकरी परातीतून उचलताना तुटायची, मग ती तुकडे तव्यावर जोडून ठेवायची, गोधडीला ठिगळं लावावीत तसे. सोबत हुलग्याचं माडगं. आबा, म्हणजे माझे वडील, भाकरीचा तुकडा माडग्यात बुडवून बराच वेळ तसाच धरून ठेवायचे. ते फार कमी बोलत. त्यांचा खोकला मात्र घरभर ऐकू यायचा, कारण दिवसभर मुरमाची धूळ छातीत जात होती. आम्ही तिघंही एकाच मस्टरवर होतो. माझं वय सतरा होतं, मुकादमाने अठरा लिहिलं. शाळा मी नववीनंतर सोडली होती, म्हणजे सुटली होती.

आबांच्या रानाबद्दल सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्या समाजाकडे पूर्वी गावकीच्या कामापोटी जमिनी असत. त्या सरकारजमा झाल्या, मग परत द्यायचं ठरलं, आणि त्या परत मिळवायला आबांनी तहसीलच्या पायऱ्या किती वर्षं झिजवल्या याचा हिशोब त्यांनी स्वतःही ठेवला नव्हता. दुष्काळाच्या आदल्या वर्षी तीन एकरांचा तुकडा त्यांच्या नावावर चढला. सातबाऱ्याचा उतारा घेऊन ते घरी आले त्या दिवशी त्यांनी आधी हातपाय धुतले, बुद्धाच्या तसबिरीपुढे कागद ठेवला, वंदना म्हटली, आणि मग तो मला वाचायला दिला. मी तीनदा वाचून दाखवला. रान माळाच्या उतारावर होतं, हलकं, पण सलग. सलग हा शब्द आबा फार वापरायचे. "दुसऱ्यांची रानं पघ, तुकडे तुकडे. आपलं सलग हाय." त्या रानात त्यांनी अजून एकही पीक घेतलं नव्हतं.

कामाची आखणी करायला खात्याकडून देवरे नावाचे साहेब येत. साहेब म्हणायचं खरं, पण ते बावीस-तेवीसचे होते, सटाण्याकडचे, नोकरीला लागून तीन महिने झालेले. त्यांच्याकडे तीन पायांवर उभी करायची दुर्बीण होती. दुर्बिणीतून लांबवर धरलेल्या उंच पट्टीवरचे आकडे वाचायचे, आणि ज्या ज्या जागी आकडा सारखा येईल त्या जागा जोडत गेलं की जमिनीची समपातळी मिळते. तिथे खुंट्या ठोकायच्या आणि चुन्याच्या फक्कीने रेघ मारायची. पट्टी सरळ धरणारं माणूस लागायचं. आकडे वाचता येणारं कोण आहे, असं देवरेंनी विचारलं, आणि मुकादमाने माझ्याकडे बोट केलं. म्हणून महिनाभर माझ्या डोक्यावरचं घमेलं उतरलं. एकदा त्यांनी मला दुर्बिणीतून बघू दिलं. त्यात सगळं उलटं दिसायचं. आई डोक्यावर घमेलं घेऊन आभाळाला पाय लावून चालत होती. मी हसले, तर देवरे म्हणाले, "हसू नको. उलटं दिसतं, पण खोटं दिसत नाही. डोळ्याला उतार कळत नाही, याला कळतो." आपल्या कामाबद्दल इतक्या विश्वासाने बोलणारं माणूस मी तोपर्यंत पाहिलं नव्हतं. ते एकटे असले की आकडे अहिराणीत पुटपुटत, आणि वहीत लिहिताना जीभ किंचित बाहेर काढत.

रेघ माळावरून सरकत सरकत आमच्या रानात आली आणि बरोबर मधून गेली. मीच पट्टी धरून उभी होते. आबा हातातला टिकाव खाली ठेवून आले.

"साहेब, ही रेघ जरा खालून न्या," ते म्हणाले. "माझ्या हद्दीवरून. तिथं बांध हायेच माझा, त्यालाच माती घालू."

"काका, रेघ मी नेत नाही, जमीन नेते," देवरे म्हणाले. त्यांनी ते समजावूनही सांगितलं, चांगल्या शब्दांत. एका जागी बांध खाली घेतला की सगळ्या बांधाचं पाणी त्या खळगीकडे धावणार, आणि तिथेच तो फुटणार.

"पण माझ्या रानाचे दोन तुकडे व्हतील. मधी बांध, बांधाच्या वर मातीसाठी खड्डे. औत कुठं फिरवू मी?"

"थोडी जागा जाईल. पण माती राहील."

आबांनी रानाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं नाही, आणि टिकाव उचलून परत गेले. देवरेंनी पुढची खुंटी ठोकायला सांगितली. आज मला वाटतं, त्या दोघांमध्ये कुणीच चुकीचं बोलत नव्हतं. एकाला जमिनीचा उतार दिसत होता, दुसऱ्याला तिच्यापायी गेलेली वर्षं.

तिसऱ्या दिवशी पहाटे मी डब्बा घेऊन माळाकडे गेले होते. नुकतं दिसायला लागलं होतं. आमच्या रानात आबा ओणवे झालेले दिसले. त्यांनी रेघेवरच्या सात खुंट्या उपटून खालच्या हद्दीला ठोकल्या होत्या, जुन्या फक्कीवर पायाने माती ओढली होती, आणि आता ते डालडाच्या डब्यातून नवी फक्की सोडत होते. कामावरच्या गोणीतली ती त्यांनी आदल्या दिवशी आणलेली असणार. रेघ सरळ यावी म्हणून ते दर दोन पावलांनी मागे वळून बघत होते. त्यांना मी दिसले. ते थांबले. मग त्यांनी राहिलेली रेघ पुरी केली, डबा झटकला आणि माझ्या शेजारून घराकडे चालू लागले. जाताना एवढंच म्हणाले, "पानी कुठं येतंय आता."

देवरे आठ दिवसांनी आले. तोवर आमच्या रानातली माती निम्मी पडली होती. दुर्बीण त्यांच्याबरोबर नव्हती, ती दुसऱ्या कामावर गेली होती. त्या भागात दोन-तीन आखणीवाल्यांत मिळून एकच होती. ते बांधाच्या कडेने चालत आले आणि आमच्या रानापाशी थबकले. मागे गेले, परत आले, डोळे बारीक करून बघितलं. आबा दहा हातांवर खणत होते. आई घमेलं भरत होती. मुकादम विडी विझवून जवळ आला.

"सुमती," देवरे म्हणाले, "ही रेघ इथे एवढी खाली वाकली होती? मला नाही आठवत. पट्टी तूच धरली होतीस ना?"

"हो साहेब," मी म्हणाले. "अशीच होती."

हे मी ताबडतोब म्हणाले. मला विचार करावा लागला नाही. आबांचा टिकाव थांबला होता, तो परत सुरू झाला. देवरेंनी वही उघडली, काहीतरी पाहिलं, आणि मिटली. "डोळ्याला उतार कळत नाही," ते स्वतःशीच म्हणाले, आणि पुढे गेले.

त्या संध्याकाळी आईने भाकरी केली तेव्हा मी चुलीपाशी बसले होते. आबा यायचे होते. आई तव्याकडे बघत म्हणाली, "मला दिसतंय समदं. पन त्यांच्या ताटावर आज काय बोलू नको." उद्या बोलू असं काही ठरवलं नव्हतं, पण त्यानंतर घरात तो विषय कुणी काढलाच नाही. बांध पुरा झाला, टोळी पुढच्या माळावर गेली, मी पुन्हा घमेलं घेतलं. देवरे भेटले की मला जुन्या पेपरातली कोडी आणून देत आणि दहावीला बाहेरून बसायचा फॉर्म कुठे मिळतो ते सांगत. मी त्यांच्याकडे बघून बोलायचं टाळायला लागले होते; त्यांना वाटलं असेल, पोरगी लाजाळू आहे.

पुढच्या वर्षी पाऊस झाला. आषाढात बेताचा, श्रावणात बरा. आबांनी सलग रानात बाजरी पेरली. आमच्या खाली, हद्दीला लागून, येसूमावशीचं दीड एकर होतं. ती आईची लांबची बहीण, नवरा गेलेला, आमच्याच टोळीत आईच्या जोडीने माती टाकायची. बांधाच्या त्या तुकड्यावर तिच्याही हातची माती होती. तिचीही बाजरी कणसात आली होती, आणि ती रोज संध्याकाळी पाखरं हाकायला बांधावर उभी राहायची. मग हस्ताचा पाऊस आला. दुपारी तीनच्या सुमारास सुरू झाला आणि दोन तास एकसारखा पडला. बांध सगळीकडे टिकला. माळभर बांधांच्या वरच्या अंगाला पाणी आरशासारखं उभं राहिलं, दुष्काळात घातलेले ते बांध कशासाठी होते ते गावाला पहिल्यांदा दिसलं. फक्त आमच्या रानाच्या खालच्या हद्दीला पाणी चढत राहिलं, बांधाच्या माथ्यावरून सांडलं, आणि मग बांधच गेला. आम्ही छपरीत होतो. मोठ्ठा आवाज वगैरे काही झाला नाही. आबा उठून दारात गेले आणि म्हणाले, "गेला."

पाऊस थांबल्यावर आम्ही पोचलो तेव्हा येसूमावशी आधीच तिथे होती. तिच्या रानातून बैलगाडी जाईल एवढी रुंद घळ पडली होती आणि घळीच्या दोन्ही बाजूंची माती पसाभरही उरली नव्हती. खाली पिवळा मुरूम धुऊन निघाला होता. बाजरी मुळांसकट ओढ्याकडे गेली होती, उरलेली चिखलात आडवी. मावशी चिखलात बसून कणसं मोडून ओटीत टाकत होती. आई तिच्याशेजारी बसली आणि तीही मोडायला लागली. आबा फुटलेल्या बांधाच्या तोंडाशी उभे होते. मावशीने एकदाच मान वर केली. "आबा, इथंच कसा फुटला हो?" तिने विचारलं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

दोन दिवसांनी जीप आली. वरचे अधिकारी होते, बरोबर देवरे. या वेळी दुर्बीण आणली होती. बांधावरून पट्टी धरली, दुसऱ्याच कुणीतरी. आकडे निघाले आणि मोठ्या साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "देवरे, इथे फूटभर खाली आहे. ही आखणी कुणाची?"

देवरे बांधाकडे बघत राहिले. "माझी आहे, सर."

"वाचन कसं घेतलं होतं?"

"नीट घेतलं होतं असं वाटत होतं, सर."

गाव गोळा झालं होतं. मी आईच्या मागे होते. आबा पुढे, हातात फावडं. मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय म्हणाले असते, हे मी पुष्कळदा स्वतःला विचारून पाहिलं आहे, आणि उत्तर आपल्या बाजूचं येतं तेव्हा त्याच्यावर माझा विश्वास बसत नाही. जीप गेली. देवरेंची बदली झाली असं मुकादमाने सांगितलं, वेतनवाढ रोखली असंही कुणी म्हणालं. ते निरोप घ्यायला आले नाहीत. कशाला येतील?

आबांनी मात्र त्या थंडीत एक केलं. गावच्या पाझर तलावाचा गाळ उघडा पडला होता. त्यांनी एकाची गाडी आणि दुसऱ्याचा बैल मागून, आपल्या एका बैलाच्या जोडीला घालून, तो गाळ येसूमावशीच्या रानात टाकायला सुरुवात केली. रोज सकाळी चार खेपा, मग कामावर जायचं, आल्यावर आणखी दोन. घळ बुजेपर्यंत त्यांनी तिच्यात दगडाची ताल, म्हणजे रचलेला आडवा बांध, घातली, मग वर गाळ पसरला. मावशीने विचारलं तर म्हणाले, "माझ्या रानाकडनं फुटलं ना." ती त्यांना बांधावर चहा आणून द्यायची. होळीपर्यंत हे चाललं. त्यांचा खोकला वाढला होता. आईने एकदाही बास म्हटलं नाही. त्यांनी आपल्या रानात मग स्वतःच्या हाताने बांध घातला, मूळच्या जागी, बरोबर मधोमध. जागा त्यांना कुणी दाखवावी लागली नाही. सलग हा शब्द मी पुन्हा त्यांच्या तोंडून ऐकला नाही. मावशीला खरं कारण कळलं का, हे मला माहीत नाही. आबा वारले तेव्हा सगळ्यात जास्त रडली ती.

मी बाहेरून दहावी झाले, मग डी.एड., आणि तेहतीस वर्षं प्राथमिक शाळांत शिकवलं, त्यातली दहा पेठ तालुक्यात. आता गंगापूर रोडला राहते. दरवर्षी नोव्हेंबरात पेन्शनरांना बँकेत जाऊन आपण जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो. गेल्या वर्षी त्या रांगेत माझ्यापुढे चार माणसं सोडून काउंटरवरच्या मुलीने देवरे असं नाव पुकारलं, आणि एक उंच, वाकलेले गृहस्थ उठले. सही करताना त्यांनी जीभ किंचित बाहेर काढली. मी बाहेर त्यांना गाठलं आणि गावाचं नाव सांगितलं. त्यांना मी आठवत होते. "पट्टीवाली सुमती," ते म्हणाले, आणि त्यांना आनंद झाला, हे मला फार जड गेलं. त्यांनी घरचा पत्ता दिला. मी पंधरा दिवसांनी गेले.

त्यांच्या मुलीने चहा ठेवला आणि आत गेली. इकडचं तिकडचं झालं. मी विचारलं, बदलीनंतर कुठे होता. ते म्हणाले, "टेबलावर. मीच मागून घेतलं. बिलं, टिपण्या. शेवटपर्यंत तेच केलं. दुर्बिणीला पुन्हा हात लावला नाही." मग म्हणाले, "मला वाटलं, माझ्या डोळ्यातच काहीतरी आहे. दोनदा तपासून घेतले. डॉक्टर म्हणाले, काही नाही. पण मी ते वाचन स्वतः घेतलं होतं ना, आणि ते फूटभर चुकलं होतं. मग दुसऱ्याच्या रानात कशाच्या भरवशावर जायचं?"

तेव्हा मी सांगितलं. खुंट्या किती, कुणी, कधी, आणि मी काय पाहिलं ते सगळं. आबांची बाजू सांगितली नाही. ती सांगितली असती तर ते माफी मागण्यासारखं झालं असतं आणि मला आधी नुसतं सांगायचं होतं. ते ऐकत होते. मध्ये फक्त एवढंच विचारलं, "किती पावलं खाली?"

"वीस तरी असतील."

त्यांनी डोळे मिटले आणि ओठ हलवून हिशोब केला. तो उतार त्यांना अजून पाठ होता. "वीस पावलांना फूटभर," ते म्हणाले. "म्हणजे माझं वाचन बरोबर होतं."

"बरोबर होतं, साहेब."

बराच वेळ ते खिडकीकडे बघत बसले. मी त्यांच्या रागावण्याची वाट पाहत होते, किंवा जा म्हणण्याची. ते म्हणाले, "तुमच्या वडिलांना मी नीट विचारलं नव्हतं. नुसतं समजावलं होतं." चहावर साय धरली होती. शेवटी त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि इतका वेळ तुम्ही म्हणत होते ते विसरून म्हणाले, "त्या दिवशी मी विचारलं, तेव्हा उत्तर द्यायच्या आधी तू जरा तरी थांबली होतीस का?"

मला त्यांना काय ऐकायचं आहे ते कळत होतं.

"नाही," मी म्हणाले. "थांबले नव्हते."

त्यांनी मान हलवली, कप उचलला आणि गार झालेला चहा पिऊन टाकला.